पुण्याचं नाक, मांजराचं तोंड

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या जनावरांच्या एका दवाखान्यात रविवारी सकाळी एक मावशी टोपलीत बोका घेऊन बसल्या होत्या. हनुवटीचे केस लाळेनं चिकटलेले. वाटीला नाक लावायचा नि मागं सरायचा. "भूक हाय ओ त्येला, खाताच येत न्हाई," मावशी सांगत होत्या. डॉक्टरांनी ओठ उचलला तर घशाच्या दोन्ही कोपऱ्यांत कच्च्या मांसासारखी लाल सूज. मांजरांच्या तोंडाचा हा जुनाट आजार; यात प्रतिकारशक्तीच तोंडातल्या कातडीवर उठते. डॉक्टर म्हणाले, दात काढावे लागतील, कदाचित सगळे. शेजारच्या कॉलेजच्या पोरानं विचारलं, "स्टेम सेल, म्हंजे मूळपेशी, देतात म्हणं परदेशात?"

"देतात. पण दात काढून झाल्यावर."

शरीराचाच तुकडा वापरून शरीर दुरुस्त करायची कल्पना आपल्याकडं नवी नाही. 1792 च्या युद्धात टिपूच्या सैन्यानं कावसजी नावाच्या इंग्रजांच्या गाडीवानाचं नाक कापलं. पुढं पुण्याकडच्या एका कारागिरानं मेणाचा साचा करून, तेवढी कपाळाची कातडी सोडवली आणि भुवयांमधला देठ तसाच ठेवून ती खाली वळवली. 1794 साली लंडनच्या मासिकात हे छापून आलं आणि तिकडचे सर्जन जागे झाले. सगळी गोम त्या देठात. रक्त चालू राहिलं तर कातडी जगते.

मांजरांच्या सर्जरीत आजही हाच देठ कामाला येतो. थंडीत मांजर गाडीच्या बॉनेटखाली उबेला बसतं, सकाळी कुणीतरी किल्ली फिरवतं आणि मांडीची कातडी सोलून निघते. मग पोटाच्या कडेची, स्तनांच्या ओळीची पट्टी तिच्या रक्तवाहिनीसकट फिरवून मांडीवर बसवतात. मांजराच्या उघड्या जखमेत लाल दाणेदार मांस कुत्र्यापेक्षा सावकाश भरतं, म्हणून ताटकळत बसण्यात अर्थ नसतो.

मूळपेशींचा धागा वेगळा, आणि बराच नंतरचा. 1960 च्या दशकात फ्रीडेनस्टाइन यांनी सोव्हिएत रशियात अस्थिमज्जेतल्या हाड तयार करणाऱ्या पेशी दाखवल्या. 1993 मध्ये लँगर आणि व्हॅकांटी यांनी 'टिश्यू इंजिनिअरिंग'ची, म्हणजे शरीराचा भाग घडवण्याच्या शास्त्राची मांडणी केली : पेशींना आधाराचा साचा, पेशी आणि वाढीचे संदेश. 1997 मध्ये पाठीवर माणसाच्या कानाच्या आकाराची कूर्चा वाढलेला उंदीर जगभर गाजला. 2001 मध्ये चरबीतही अशा पेशी सापडल्या आणि काम सोपं झालं, कारण चरबी काढणं मज्जा काढण्यापेक्षा सुटसुटीत. प्राण्यांमध्ये पहिला मान मात्र शर्यतीच्या घोड्यांच्या पायातल्या कंडरांना, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्यांना. का, ते सांगायला नको. पैसा तिथं होता.

मांजराचा नंबर उशिरा लागला, आणि आशा होती मूत्रपिंडावर. म्हातारी मांजरं बऱ्याचदा मूत्रपिंड निकामी होऊनच जातात. कोलोराडोतल्या सुरुवातीच्या छोट्या प्रयोगांनी उमेद वाढवली, पण खोटं औषध दिलेल्या गटाशी तुलना केल्यावर फरक दिसला नाही. ही चाचणी 2016 ची.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातून तोंडाच्या आजाराचा दुसरा निकाल आला. दात काढूनही तोंड बरं न झालेली 7 मांजरं. त्यांच्याच चरबीतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून शिरेतून दोनदा दिल्या, दर वेळी 2 कोटी. तिघांचं तोंड पूर्ण निवळलं, दोघांचं बरंच, दोघांना काहीच नाही. सात हा आकडा लहान आहे, तरी मला तो मूत्रपिंडाच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा खरा वाटतो. इथं पेशी नवी कातडी विणत नाहीत; भडकलेल्या प्रतिकारशक्तीला शांत करतात. मूत्रपिंडातला व्रण मात्र शांत करून भरत नाही.

कसबा बावड्यात डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाचा मूळपेशींचा विभाग आहे, पण त्याचं लक्ष माणसाकडं. राजारामपुरीच्या टेबलावर दात काढायची पक्कडच आहे, आणि ती कमी समजू नये. साधारण तीनपैकी दोन मांजरांना तेवढ्यानं चांगला फरक पडतो.

मावशींनी गुरुवारची वेळ घेतली. "दात न्हाईत तर खाईल काय?" त्यांनी दारातून विचारलं.

"भात-मासे कुस्करून द्या. दुखायचं थांबलं की स्वतःच मागंल."