इस्राएलचे बारा वंश रक्तात सापडतात का?

'डीएनए चाचणीने लावला इस्राएलच्या हरवलेल्या दहा टोळ्यांचा शोध' असा एक फॉरवर्ड गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपवर आला. लगेच एकाने विचारलं, "मग आपल्या अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, नक्की कुठल्या टोळीतले?" दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हा लेख. टोळी म्हणजे एका बापाची लेकरं, असं त्या प्रश्नात धरून चाललेलं आहे. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मराठी बायबलमध्ये 'इस्राएलाचे बारा वंश' असा शब्दप्रयोग आहे. याकोब, म्हणजेच इस्राएल, त्याचे बारा मुलगे आणि प्रत्येकाचा एकेक वंश. हिब्रूत मात्र यासाठी 'शेवेत' आणि 'मत्ते' हे दोन शब्द येतात आणि दोन्हींचा मूळ अर्थ काठी. एका म्होरक्याच्या काठीमागे जमलेली माणसं ती टोळी. संस्कृतातही 'वंश' म्हणजे मुळात बांबू. हा निव्वळ योगायोग, पण मला फार आवडतो.

आता नावं बघा. पेणकर आडनावाच्या माणसाचा पूर्वज 'पेण' नावाचा कोणी गृहस्थ होता असं आपण म्हणत नाही. गावावरून नाव पडलं हे आपल्याला ठाऊक असतं. बन्यामीन या टोळीचंही तसंच दिसतं. 'यामीन' म्हणजे उजवा हात. उगवतीकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात दक्षिणेला येतो, म्हणून 'यामीन' म्हणजे दक्षिणही. आपल्या 'दक्षिण' शब्दातही हेच दोन्ही अर्थ आहेत. बन्यामीन टोळीचा मुलूख एफ्राइमच्या डोंगराला लागून दक्षिणेकडे होता. आधी 'दक्षिणेकडची मंडळी' असं नाव पडलं आणि मागाहून त्या नावाचा पूर्वज कल्पिला गेला, असं बरेच अभ्यासक मानतात.

बाराचा आकडाही सुरुवातीपासून पक्का नव्हता. बायबलमधल्या सर्वांत जुन्या काव्यांपैकी एक म्हणजे 'शास्ते' या पुस्तकातलं दबोराचं गीत. लढाईला कोण आलं आणि कोण घरी बसलं याची त्यात हजेरी आहे. तिथे दहाच नावं आहेत. यहूदा, शिमोन, लेवी यांचा पत्ता नाही, आणि पुढच्या बाराच्या यादीत न दिसणारी माखीर आणि गिलाद ही नावं मात्र आहेत. नंतरच्या याद्यांत लेवीला बाहेर काढलं की योसेफाचे एफ्राइम आणि मनश्शे असे दोन भाग करून बारा भरून काढतात.

बायबलबाहेर 'इस्राएल' हे नाव पहिल्यांदा निःसंशय सापडतं ते इजिप्तमध्ये. फेरो मर्नेप्ताहच्या इ.स.पू. १२०८च्या सुमाराच्या विजयशिळेवर. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना ती १८९६मध्ये थीब्ज इथे मिळाली. चित्रलिपीत नावापुढे एक न उच्चारायची खूण लावत: हे गाव आहे, देश आहे की माणसं, हे सांगणारी. अश्कलोन आणि गेझर या नावांपुढे परमुलखाची, तीन टेकड्यांची खूण आहे. इस्राएलपुढे मात्र टेकड्या नाहीत. बसलेला पुरुष, बसलेली बाई आणि खाली अनेकवचनाच्या तीन रेघा. म्हणजे त्या काळी इस्राएल हा मुलूख नव्हता, लोक होते.

हे लोक आले कुठून? निर्गमच्या पुस्तकात इजिप्तमधून सहा लाख पुरुष बायकामुलांसह निघाले असं म्हटलंय. एवढ्या माणसांचा माग वाळवंटात कुठेही मिळालेला नाही. मिळालं ते वेगळंच. १९६७नंतर कनानच्या, म्हणजे आजच्या इस्रायल-पॅलेस्टाईनच्या, मधल्या डोंगराळ भागाची पायी फिरून पाहणी झाली, तेव्हा इ.स.पू. १२००नंतरच्या दोनेकशे वर्षांत तिथे अडीचशेच्या आसपास छोट्या वाड्या उभ्या राहिल्याचं दिसलं. तटबंदी नाही, राजवाडे नाहीत. काठाखाली कडं असलेले मोठे रांजण आणि खांबांची घरं. डुकराची हाडं जवळपास नाहीत. मातीची भांडी मात्र खालच्या सपाटीवरच्या कनानी भांड्यांच्याच घडणीची, आणि हिब्रू ही कनानीच भाषा. सपाटीवरची शहरं कोसळत असताना डोंगरावर स्थिरावलेले शेतकरी आणि मेंढपाळ, त्यात बाहेरून आलेले काही गट, असा हा मेळ बसत गेला असावा.

आता डीएनए. माझा जीव या भागात जास्त रमतो. बारा टोळ्यांपैकी एकीची चाचणी खरोखर घेता येते. लेवी टोळीतल्या पुरोहितांना 'कोहेन' म्हणतात आणि कोहेनपण बापाकडून मुलाकडेच जातं. वाय गुणसूत्रही तसंच जातं. स्वतः कोहेन असलेल्या कार्ल स्कोरेकी या डॉक्टरांना प्रार्थनागृहात आपल्याहून अगदी वेगळ्या चेहरेपट्टीचा, उत्तर आफ्रिकी मुळांचा कोहेन भेटला आणि त्यांच्या मनात आलं, परंपरा खरी असेल तर आमचं वाय गुणसूत्र जुळायला हवं.

जुळवायचं कसं? वाय गुणसूत्रावर काही ठिकाणी तेच ते अक्षर-तुकडे ओळीने येतात, 'जी-ए-टी-ए, जी-ए-टी-ए' असे. नक्कल होताना पेशी क्वचित अडखळते आणि चौदाचे पंधरा किंवा तेरा होतात. एका जागी असं काही शे पिढ्यांतून एकदा घडतं. त्यामुळे अशा जागांवरचे आकडे म्हणजे घराण्याचा दूरध्वनी क्रमांकच. १९९७ आणि १९९८मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष आले: जवळपास निम्म्या कोहेन पुरुषांत सहा जागांचे आकडे १४-१६-२३-१०-११-१२ असे होते. जगभर बातमी झाली, 'अहरोनाचं गुणसूत्र सापडलं'. अहरोन म्हणजे परंपरेनुसार पहिला पुरोहित, सगळ्या कोहेनांचा मूळपुरुष.

पण आकडा पुढेही सरकतो आणि मागेही. चौदाचे पंधरा आणि पुन्हा चौदा झाले तर मधला प्रवास पुसला जातो. दोन असंबद्ध घराणी फिरत फिरत एकाच क्रमांकावर येऊ शकतात, आणि जागा सहाच असतील तर ही शक्यता भलतीच वाढते. हाच क्रमांक ज्यू नसलेल्या बऱ्याच पुरुषांतही मिळाला. मग २००९मध्ये बारा जागा तपासल्या आणि सोबत एका अक्षराचे, सहसा मागे न फिरणारे बदल पाहिले. तेव्हा ४६ टक्के कोहेन एका शाखेत बसले. ती शाखा बरीच जुनी आहे, हे नक्की. उरलेले ५४ टक्के इतर शाखांत विखुरलेले. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंमधल्या, लेवींपैकी निम्म्याहून जास्त तर तिसऱ्याच, आर१ए या शाखेतले. ज्या टोळीने बाप-लेकाची साखळी सर्वांत काटेकोर जपली, तिचंही एक गुणसूत्र नाही. घारे डोळे आणि गोरा रंग पाहून 'हे मूळचे ज्यू' ठरवणाऱ्या गोष्टी आपल्याकडे फिरतात, त्यांना काय आधार असणार?

'हरवलेल्या' दहांविषयी थोडंसं. या दहा टोळ्यांचं म्हणून सांगितलं जाणारं उत्तरेचं राज्य इ.स.पू. ७२०च्या सुमाराला अश्शूरने, आजच्या इराककडच्या साम्राज्याने, संपवलं. राजा दुसरा सार्गोन आपल्या लेखात २७,२९० माणसं नेल्याचं सांगतो. बरेचसे आपल्या जागीच राहिले, बरेच दक्षिणेच्या यहूदा राज्यात गेले. नेलेले अश्शूरच्या मुलखात मिसळून गेले.

राहिले आपले बेने इस्रायल. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते शनिवार तेली. २०१६च्या एका अभ्यासात त्यांचा डीएनए पश्चिम आशियाई ज्यू आणि भारतीय असा मिश्र निघाला; मिश्रण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचं, पुरुष बहुतेक बाहेरून आलेले, बायका इथल्या. मिश्रणानंतर दर पिढीत गुणसूत्रांची कापाकापी होते, तुकडे आखूड होत जातात. त्यांच्या लांबीवरून हा हिशोब लावतात. मिश्रण कधी झालं ते त्यातून कळतं, गलबत कधी लागलं ते कळत नाही. टोळीचं नाव तर कुठल्याच तुकड्यावर लिहिलेलं नसतं.

त्यांच्यात नवस फेडताना मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. तो एलियाहू हन्नबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने. बायबल सांगतं, हा एलिया गिलादचा. दबोराच्या गीतात टोळी म्हणून हजर असलेलं, आणि बाराच्या यादीत पुढे जागा न मिळालेलं तेच गिलाद.