न्यू वेव्ह आणि लेफ्ट बँक: एकाच शिक्क्याखालचे दोन फ्रान्स

१९५९ च्या कान महोत्सवात त्र्युफोचा 'फोर हंड्रेड ब्लोज' आणि आलँ रेनेचा 'हिरोशिमा मोनामूर' दोन्ही दाखवले गेले, आणि दोघांनाही 'न्यू वेव्ह' (फ्रेंच सिनेमातली नवी लाट) हे एकच लेबल लागलं. नुसता सिनेमा बघणाऱ्याचं त्यानं काही बिघडत नाही. पण या चित्रपटांतून फ्रान्स समजून घ्यायचा असेल, तर दोन्ही घराणी वेगळी ओळखता आली पाहिजेत.

पहिलं घराणं 'काये द्यु सिनेमा' या मासिकाचं. त्र्युफो, गोदार, शाब्रोल, रोमेर, रिव्हेत हे सगळे आधी समीक्षक, मग दिग्दर्शक. हेन्री लांग्ल्वाच्या सिनेमातेकमध्ये, म्हणजे चित्रपट-संग्रहालयात, जुने चित्रपट बघून तयार झालेली ही पोरं. त्यांचा फ्रान्स रस्त्यावरचा, तरुण आणि अमेरिकेनं भारावलेला आहे. गोदारच्या 'ब्रेथलेस'मधला नायक हॉलिवूड नट हम्फ्री बोगार्टच्या फोटोसमोर उभा राहून ओठांवरून अंगठा फिरवतो. नायिका शाँझेलिझेवर अमेरिकन वर्तमानपत्र विकते.

दुसरं घराणं पॅरिसमधल्या सेन नदीच्या डाव्या काठावरचं, म्हणजे 'लेफ्ट बँक': आन्येस वार्दा, रेने, क्रिस मार्केर. ही मंडळी साहित्य, छायाचित्रण आणि माहितीपटांतून आली. वार्दा ज्याँ व्हिलारच्या नाट्यसंस्थेत फोटोग्राफर होती. 'हिरोशिमा' कादंबरीकार मार्गारित द्युरासनं लिहिला. यांना छळतात त्या आठवणी: युद्ध, छळछावण्या, वसाहती. वार्दाच्या 'क्लेओ फ्रॉम फाइव्ह टू सेव्हन'मध्ये (१९६२) एक गायिका वैद्यकीय तपासणीच्या निकालाची वाट बघत पॅरिसभर फिरते. टॅक्सीतल्या रेडिओवर अल्जीरियाच्या, म्हणजे फ्रान्सच्या वसाहतीतल्या स्वातंत्र्ययुद्धाच्या, बातम्या चालू असतात. शेवटी बागेत तिला भेटतो तो सुट्टी संपवून अल्जीरियाच्या आघाडीवर परतणारा सैनिक. म्हणून न्यू वेव्हची ओळख दरवेळी 'ब्रेथलेस'पासूनच करून देणं मला पटत नाही. 'क्लेओ'त पॅरिसची तीच मजा आहे, शिवाय घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं ते युद्धही आहे.

अर्थात भिंत पक्की नव्हती. वार्दाचा पहिला चित्रपट रेनेनं संकलित केला हे ठीकच, पण 'क्लेओ'मधल्या छोट्या मूकपटात चक्क गोदार आणि अभिनेत्री आना कारिना दिसतात. 'ब्रेथलेस' आणि 'क्लेओ' या दोन्हींच्या निर्मितीमागे जॉर्ज द बोरगार हे एकच नाव आहे.

काये मंडळी राजकारणापासून लांब होती, हेही सरसकट म्हणता येत नाही. अल्जीरियाच्या युद्धावरचा गोदारचा 'ल प्ती सोल्दा' १९६० मध्येच तयार होता. बंदीमुळे तो १९६३ पर्यंत पडद्यावर आला नाही. दुसऱ्या घराण्यालाही सेन्सॉर चुकला नाही. नाझी छळछावण्यांवरच्या रेनेच्या 'नाइट अँड फॉग' या माहितीपटात (१९५६) एका छायाचित्रात फ्रेंच पोलिसाची टोपी, म्हणजे फ्रान्सच्या सहभागाची खूण, दिसत होती. सेन्सॉरच्या दबावामुळे रेनेला ती झाकावी लागली. सिनेमाला समाजाचा आरसा म्हणताना त्या काळच्या फ्रान्समध्ये तो कुणी, कुठे झाकला हेही बघावं लागतं.