शुगर असलेल्या कुत्रीचं ऑपरेशन

ताईच्या घरी बाल्कनीच्या कोपऱ्यात मुंग्या लागायला लागल्या. साखर सांडली असेल म्हणून तिने दोनदा फिनेलने पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी मुंग्या पुन्हा तिथेच, राणी रात्री जिथे सू करून ठेवायची तिथे. राणी म्हणजे तिची नऊ वर्षांची स्पिट्झ. पाण्याचं भांडं दिवसातून पाचदा भरावं लागत होतं, खाणं वाढलं होतं आणि तरी पाठीचे मणके हाताला लागत होते. रक्तातली साखर निघाली ४७०. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं आणि लगेच म्हणाले, "हिचं गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकू. फार थांबायला नको."

घरात गोंधळ. शुगर असताना ऑपरेशन? शेजारच्या काकांनी स्वतःच्या मोतीबिंदूची हकिगत ऐकवली. शुगर उतरेपर्यंत त्यांना तीन महिने थांबवून ठेवलं होतं. काकांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. पण मोतीबिंदू काढून त्यांची शुगर उतरणार नव्हती. राणीची शुगर चढवणारा कारखानाच तिच्या पोटात चालू होता.

कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. माज ओसरायच्या आधीच अंडाशयातले पीतपिंड, म्हणजे बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणाऱ्या गाठी, प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक बनवू लागतात. बायकांमध्ये गर्भ राहिला नाही तर हे काम दोनेक आठवड्यांत आटोपतं. कुत्रीचं शरीर तेवढ्यावर थांबत नाही. पिल्लं असोत वा नसोत, जवळपास दोन महिने प्रोजेस्टेरॉन चढंच राहतं. त्या काळाच्या शेवटी काही कुत्र्या पिल्लांविनाच दूध आणतात आणि घरातल्या चपला कुशीत घेऊन बसतात, ते यातूनच.

आता माझा आवडता भाग. वाढीचं संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत बनतं, हे आपण शाळेत शिकलो. कुत्रीने तो धडा वाचलेला नाही. तिच्यात प्रोजेस्टेरॉनच्या सांगण्यावरून स्तनग्रंथीसुद्धा हे संप्रेरक बनवतात! नेदरलँड्समधल्या उट्रेख्तच्या संशोधकांनी १९९४ साली हे दाखवून दिलं. स्तनग्रंथी काढल्यावर रक्तातलं चढलेलं वाढीचं संप्रेरक झपाट्याने खाली आलं. खरं तर ते स्तनांतल्या पेशी वाढाव्यात म्हणून तिथल्या तिथे वापरायचं असतं, पण रक्तात सांडतं आणि इन्सुलिनच्या विरोधात उभं राहतं. इन्सुलिन पेशीच्या दारावर येऊन कडी वाजवतं, पण आतली निरोपांची साखळी मंदावलेली असते. स्नायू साखर आत घेत नाहीत, यकृत मात्र साखर सोडतच राहतं. स्वादुपिंडातल्या बीटा पेशी दुप्पट इन्सुलिन काढून भरपाई करू बघतात, दमतात, आणि चढलेली साखर त्या दमलेल्या पेशींना आणखी मारते. पुढचा माज आला की हेच पुन्हा.

अंडाशय गेलं की प्रोजेस्टेरॉन जातं, त्यामागोमाग वाढीचं संप्रेरक उतरतं आणि इन्सुलिनला वाट मोकळी होते. बीटा पेशी पुरेशा शिल्लक असतील तर मधुमेह जाऊही शकतो. उशीर झाला असेल तर इन्सुलिन जन्मभर लागतं, पण निदान डोस दर माजाला हेलकावे खात नाही.

"निदान एकदा तरी पिल्लं होऊ द्या, नाहीतर आजारी पडते" असं सांगणारे प्रत्येक सोसायटीत असतात. त्याला शास्त्रात काही आधार नाही. जांभळाच्या बियांची पूड आणि कारल्याचा रस सुचवणारेही भेटले. कडू म्हणजे गोडावर उतारा, हे गणित स्वयंपाकघरातलं आहे.

ऑपरेशनच्या सकाळी ताईने फोन केला, "उपाशी ठेवायचंय, मग इन्सुलिन कशाला?" इन्सुलिन फक्त जेवणासाठी असतं, हा समज माणसांतही पक्का आहे. उपाशी असताना यकृत स्वतः साखर बनवत असतं, त्यात भूल आणि चिरफाडीच्या ताणाने साखर वाढवणारी संप्रेरकं, म्हणजे कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन चढतात. इन्सुलिन अजिबात नसेल तर चरबी वितळून कीटोन नावाची द्रव्यं साचतात, रक्त आम्लधर्मी होतं आणि जनावर दगावू शकतं. पूर्ण डोस दिला तर उलटा धोका. म्हणून बहुतेक डॉक्टर निम्मा डोस सांगतात आणि अशा जनावराचा नंबर सकाळी पहिला लावतात, म्हणजे उपास लांबत नाही. भुलेखाली साखर घसरली तर थरथर, लडखडणं, झटके यातलं काहीच दिसत नाही. त्यामुळे दर अर्ध्या-एक तासाने थेंबभर रक्त तपासायचं, साखर साधारण १५० ते २५० मध्ये ठेवायची आणि त्याखाली जायला लागली तर डेक्स्ट्रोजचं सलाईन. जरा गोड रक्त चालतं, फिकं चालत नाही.

घरचा ग्लुकोमीटर इथे फसवतो. माणसाच्या रक्तातली बरीच साखर लाल पेशींच्या आत असते, कुत्र्याची बहुतेक सगळी बाहेरच्या द्रवात. माणसांसाठीचं मशीन माणसांची विभागणी धरून आकडा काढतं, म्हणून कुत्र्यात तो सहसा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. हे डॉक्टरांना सांगून ठेवावं. सिरिंजही बघून घ्यावी. लाल टोपीची सिरिंज एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी, केशरी टोपीची १०० युनिटवाल्यासाठी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो.

खरी परीक्षा टाके घालून घरी आणल्यावर असते. कारखाना बंद झालेला, म्हणजे कालपर्यंत तोकडा पडणारा डोस आज जास्त होऊ शकतो. राणीला ऑपरेशनआधी दोन्ही वेळा १२ युनिट लागत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती भांड्यापाशी गेली, वास घेतला आणि मागचे पाय घसरून फतकल मारून बसली. ताईने हिरड्यांवर मध चोळला, मग तपासलं: ५८. फोनवर डॉक्टरांनी आधी विचारलं, "खाल्लंय का?" आणि त्या रात्रीचं इन्सुलिन थांबवलं. दोन आठवड्यांत डोस उतरत ४ वर येऊन थांबला.

तो ४ काही सुटला नाही. बीटा पेशी तोवर बऱ्याच गेल्या होत्या. बाल्कनीतल्या मुंग्या मात्र गेल्या.