शाळेच्या खिचडीत तांदळाखेरीज काय?

पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेत दुपारी जे जेवण मिळतं, त्याचं माप ठरलेलं आहे. १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, अशी अपेक्षा आहे. आता हिशोब मांडून बघा. नुसत्या तांदळातून साधारण ३५० कॅलरी येतात, तेलातून ४५, डाळीतून ६५-७०. म्हणजे भाजी पडलीच नाही तरी ४५० चा आकडा गाठता येतो! प्रथिनांचंही तसंच. तांदळातून सातेक ग्रॅम, डाळीतून जेमतेम पाच, झाले बारा.

त्यामुळे ‘पोरांचं पोट भरतं ना’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हो असंच येतं. पण लोह, कॅल्शियम, अ आणि क जीवनसत्त्व यांचा हिशोब कॅलरीत लागत नाही. ते सगळं त्या ५० ग्रॅम भाजीवर आणि २० ग्रॅम कडधान्यावर अवलंबून असतं. नेमकी हीच दोन मापं सगळ्यात आधी आखडतात. डाळीत पाणी वाढतं आणि भाजीच्या नावाखाली दोन बटाटे व एक कांदा पडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावांत मला याचंच जास्त वाईट वाटतं, कारण जे कमी पडतं ते तिथे परसात उगवतं.

डाळ पातळ झाली की नुकसान दुप्पट होतं. तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं आणि डाळीत ते भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. दोन्ही एकत्र खाल्ले तर शरीराला पूर्ण प्रथिन मिळतं. वरणभाताचं हे गणित आपल्या आज्यांनी अमिनो आम्लाचं नाव न ऐकता सोडवलं होतं. पण वरण पाण्यासारखं केलं तर तांदळातल्या प्रथिनाचाही पुरता उपयोग होत नाही.

तांदळाचीही एक गोष्ट सांगायला हवी. १८९० च्या दशकात जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमान या डच डॉक्टरच्या लक्षात आलं, की कोंडा काढलेल्या पांढऱ्याशुभ्र तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. कोंड्यातलं ब१ जीवनसत्त्व पुढे सापडलं आणि आइकमानना १९२९ चं नोबेल मिळालं. आपला उकडा तांदूळ या बाबतीत शहाणा आहे. भात सालासकट उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्याच्या आत शिरतात, नंतर कोंडा काढला तरी बरीचशी टिकतात. शाळेत येतो तो बहुधा पांढरा, पॉलिशचा तांदूळ. पण खिचडीत पाणी आटवलं जातं. भात वेळून पेज टाकून दिली तर जे वाहून गेलं असतं, ते खिचडीत राहतं.

याच तांदळात गेल्या काही वर्षांत काही दाणे वेगळे दिसू लागले, थोडे पिवळसर, मंद. धुताना त्यातले काही वर तरंगतात. हा प्लास्टिकचा तांदूळ आहे अशी आवई गावोगाव उठली आणि कित्येक ठिकाणी स्वयंपाक करणाऱ्या ताई सुपात तांदूळ पसरून ते दाणे एकेक करून वेचून टाकतात. कृपा करून टाकू नका. ते तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब१२ जीवनसत्त्व मिसळून, दाण्याच्या आकारात यंत्रातून काढलेले असतात. शंभर दाण्यांमागे एक, असं त्यांचं प्रमाण असतं. २०१६ ते १८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वयाची साधारण २४ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली होती. त्यांच्यासाठीच हे दाणे आहेत.

लोह ताटात आलं म्हणजे रक्तात गेलं असं मात्र नाही. कडधान्यात फायटिक आम्ल असतं, ते लोहाला धरून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. त्यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही स्वस्त आहेत. पहिला मोड आणण्याचा. दाणा रुजायला लागला की त्यातलं एक विकर (एन्झाइम) फायटिक आम्ल तोडायला लागतं. कुळीथ, चवळी, मूग रात्रभर भिजवून फडक्यात बांधले की दुसऱ्या दिवशी मोड दिसतात. पावसाळ्यात दमट हवेला फडकं जास्त वेळ बांधून ठेवू नये, दाणे बुळबुळीत होऊन वास येतो. दुसरा उपाय आंबटाचा. क जीवनसत्त्व लोहाचं शोषण चांगलंच वाढवतं, पण ते उष्णतेनं नासतं. म्हणून लिंबू फोडणीत नको, पातेलं खाली उतरवल्यावर पिळावं. कैरीच्या दिवसांत कच्च्या कैरीच्या फोडी वाढाव्यात. आणि जेवणाबरोबर चहा नको, त्यातली टॅनिनं लोह अडवतात.

कॅल्शियमसाठी नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिलिग्रॅम लागतं, तेव्हा ३० ग्रॅम पिठातून त्याचा सहावा हिस्सा निघतो. मात्र हे कॅल्शियम बरंचसं दाण्याच्या सालीत असतं. अगदी तलम चाळलेल्या सत्त्वात ते घटतं, म्हणून लहानग्यांसाठी सत्त्व ठीक, शाळकरी पोराला अख्ख्या पिठाची आंबील किंवा भाकरी बरी.

अंड्याचं काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रानं आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि लोकसहभागातून द्या म्हणून सांगितलं. माझ्या मते हा निर्णय चुकला. अंड्याइतकं सहज पचणारं प्रथिन आणि सोबत ब१२ देणारा इतका सोपा पदार्थ दुसरा नाही. किनाऱ्यावरच्या मुलांना घरी सुकट, जवळा मिळतो म्हणून निभावतं, पण वरच्या वाड्यांतल्या सगळ्याच घरांत तो रोज नसतो.

कोकणाची खरी अडचण पटसंख्येची आहे. मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे धान्य सोडून रोजचा खर्च ६ रुपये ७८ पैसे धरला आहे. आठ मुलांची शाळा असेल तर चोपन्न रुपये. त्यात डाळ, तेल, मसाला, भाजी, गॅस. मोठ्या शाळेला घाऊक भावात जे परवडतं ते इथे परवडत नाही. पण आठ मुलांची दिवसाची भाजी म्हणजे फक्त ४०० ग्रॅम. शेवग्याच्या एका झाडाचा पाला, पावसात टाकळा नि अळू, शाळेच्या परसबागेतला माठ, एवढ्यावर ती भागते. शेवग्याच्या पाल्यात अ जीवनसत्त्वाचा पूर्वज बीटा कॅरोटीन भरपूर असतं आणि ते शोषायला लागणारं थोडं तेल खिचडीत असतंच.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. जेवण वाढण्याआधी कुणीतरी चाखून नोंदवहीत लिहायचं असतं, ती वही पालकांनी मागून पाहायला हरकत नाही. आणि पुढच्या बैठकीत कुळथाला मोड कुणी आणायचे, लिंबं कुणाच्या परड्यातून येतील, एवढं ठरवून टाकावं.