अक्रोडाच्या खुंटाचे जनुकीय रूपांतरण

ऊतिसंवर्धनात (प्रयोगशाळेत, पोषक माध्यमावर) वाढवलेल्या अक्रोडाच्या पेशींत बाहेरचा जनुक घालून त्यांपासून कलमासाठी नवा खुंट तयार करण्याची पद्धत. शहापूर-मुरबाडकडे रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतात, तसेच अक्रोडाचे: फळ काडीचे, मुळे खुंटाची. ठाण्याच्या हवेत अक्रोडाला लागणारी थंडी नाही, त्यामुळे इथल्या माणसाची त्याच्याशी भेट वाशीच्या मसाला मार्केटात, मगज घेतानाच होते.

कॅलिफोर्नियातील बागांत ‘पॅराडॉक्स’ हा संकरित खुंट फार वापरतात. तो जोमदार, पण क्राउन गॉल या रोगाला हळवा. जमिनीतला ॲग्रोबॅक्टेरियम हा जीवाणू जखमेतून शिरतो आणि आपल्या डीएनएचा तुकडा झाडाच्या पेशीत घालतो. त्यातील जनुकांमुळे ऑक्सिन व सायटोकायनिन ही संप्रेरके बेसुमार तयार होतात आणि बुंध्याशी गाठ धरते. विलक्षण गोष्ट अशी की रूपांतरणाचे वाहनही हाच जीवाणू. गाठीचे जनुक काढून त्या जागी हवा तो जनुक ठेवला, की तो निमूटपणे पोचवतो. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅकग्रॅनहन व सहकाऱ्यांनी 1988 मध्ये अक्रोडात हे साधले.

आपण खातो तो मगज म्हणजे बीची दळे. फळ कोवळे असताना हीच दळे संवर्धनात ठेवली, की त्यांवर कायिक भ्रूण, म्हणजे फलनाशिवाय साध्या पेशींतून तयार होणारे भ्रूण, येतात, आणि त्या भ्रूणांच्या पृष्ठभागावर एकेका पेशीतून पुन्हा नवे भ्रूण. पद्धतीचे खरे बळ इथे आहे: सगळे रोप एकाच पेशीतून आल्याने अर्धे बदललेले, अर्धे जुने असे राहत नाही. कॅनामायसिन हे प्रतिजैविक घातलेल्या माध्यमात रूपांतरित भ्रूण निवडले जातात: हव्या जनुकासोबत त्याला दाद न देणारा जनुकही घातलेला असतो. पुढे मुळे फुटणे मात्र अवघड. अक्रोड त्यासाठी कुप्रसिद्ध आहे.

2002 मध्ये डेव्हिसच्याच एस्कोबार, दांडेकर आदी संशोधकांनी आरएनए-शांतनाने, म्हणजे जनुकाचा आरएनए-संदेश नष्ट करून तो जनुक गप्प करण्याच्या तंत्राने, गाठ रोखणारा अक्रोड दाखवला. जीवाणू शिरतो, पण त्याच्या दोन जनुकांचे संदेश झाडच तोडून टाकते. 2013 मध्ये त्याला मुळे कुरतडणाऱ्या सूत्रकृमीविरुद्धच्या प्रतिकाराची जोड मिळाली.

काडीचा जनुकसंच यात बदलत नाही. तरीही शांतनात खुंटात तयार होणारे आरएनएचे लहान तुकडे कलमाच्या सांध्यातून वर जाऊ शकतात, म्हणून केवळ खुंट तपासून भागत नाही, वरचे फळही तपासावे लागते.