येऊ घातलेल्या कायद्याविषयीचा प्रश्न ब्रिटनच्या पंतप्रधानांपर्यंत कसा न्यावा : पात्रता, कागदपत्रे आणि मुदती

ब्रिटिश संसदेचे कामकाज चालू असते त्या प्रत्येक बुधवारी दुपारी १२ वाजता पंतप्रधान हाउस ऑफ कॉमन्समध्ये अर्धा तास प्रश्नांची उत्तरे देतात. सरकार कोणता कायदा आणणार, कधी आणणार आणि त्यातून कोणाला वगळणार, याची विचारणा थेट सरकारच्या प्रमुखाकडे, सर्वांच्या देखत, याच वेळात होते. सामान्य माणसाला तेथे उभे राहून प्रश्न विचारता येत नाही, कारण तो अधिकार खासदारांचा आहे. मात्र आपला प्रश्न खासदाराकडे सोपवण्याचा मार्ग त्या देशात राहणाऱ्या प्रत्येकाला खुला आहे. शिक्षणासाठी किंवा नोकरीच्या व्हिसावर गेलेली आपली बरीच माणसे ‘आपण येथले नागरिक नाही, आपले कोण ऐकणार’ असे समजून तो वापरत नाहीत. ही समजूत चुकीची आहे.

पात्रता आणि कागदपत्रे

खासदाराला पत्र लिहिण्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही, इतकेच काय, मतदार यादीत नाव असण्याचीही अट नाही. तुम्ही ज्या मतदारसंघात राहता तेथील खासदार हा तुमचा खासदार, एवढाच निकष आहे. शिवाय भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे ब्रिटनमध्ये वास्तव्याची वैध परवानगी असलेल्या प्रौढ भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नोंदणी करून संसदीय निवडणुकीत मतदानही करता येते. ही गोष्ट अनेकांना वर्षानुवर्षे तेथे राहूनही ठाऊक नसते. नोंदणी अवश्य करावी, परंतु ती होईपर्यंत पत्र लांबणीवर टाकू नये.

या कामासाठी कोणताही विहित नमुना नाही आणि शुल्कही नाही. पत्रात किंवा ईमेलमध्ये पूर्ण नाव, पोस्टकोडसह राहण्याचा पत्ता आणि संपर्काचा क्रमांक असावा लागतो. एका खासदाराने दुसऱ्याच्या मतदारसंघातील रहिवाशाचे काम हाती घेऊ नये असा तेथील संसदेचा पक्का संकेत आहे. त्यामुळे पत्ता नसलेले पत्र कितीही कळकळीने लिहिलेले असले तरी बहुधा बाजूला पडते. आपला खासदार कोण हे संसदेच्या संकेतस्थळावर पोस्टकोड घालून लगेच कळते. प्रश्नाच्या पुष्ट्यर्थ भाडेकरार, नोटीस किंवा एखाद्या खात्याचे उत्तर जोडायचे असेल तर केवळ प्रती जोडाव्यात, मूळ कागद पाठवू नयेत. नातेवाइकाच्या वतीने लिहीत असाल तर त्याचे सही केलेले संमतिपत्र सोबत द्यावे. बहुतेक खासदार मतदारसंघात ठरावीक दिवशी लोकांना समक्ष भेटतात. या भेटीला तेथे ‘सर्जरी’ म्हणतात आणि तिची वेळ खासदाराच्या कार्यालयाकडून आधी घेता येते.

उत्तर देणे खासदारावर कायद्याने बंधनकारक नाही, आणि प्रश्न कोणता विचारायचा हेही शेवटी तोच ठरवतो. तुमचा खासदार मंत्री असेल तर तो सभागृहात प्रश्न विचारत नाही, मात्र तुमचे म्हणणे संबंधित मंत्र्याला पत्राने कळवू शकतो.

खासदाराला संधी कशी मिळते

सभागृहात ६५० खासदार आहेत आणि वेळ अवघा अर्धा तास, म्हणून इच्छुकांच्या नावांची सोडत काढली जाते. तीत निघालेली १५ नावे त्या दिवसाच्या कामकाजपत्रिकेवर छापली जातात. नाव देण्याची मुदत आदल्या आठवड्यातच संपते, त्यामुळे मंगळवारी रात्री पाठवलेले पत्र त्या बुधवारसाठी निरुपयोगी ठरते. निदान दोन आठवडे हाताशी ठेवावेत. सोडतीत नाव नसलेले खासदारही जागेवर उभे राहून अध्यक्षांचे लक्ष वेधतात आणि त्यांच्यापैकी काहींना संधी मिळते. विरोधी पक्षनेत्याला सहा आणि सभागृहातील तिसऱ्या क्रमांकाच्या पक्षाच्या नेत्याला दोन प्रश्न विचारता येतात.

कामकाजपत्रिकेवरील पहिला प्रश्न बहुतेक वेळा ‘आजच्या अधिकृत भेटीगाठी कोणत्या’ इतकाच असतो. खरा प्रश्न त्यानंतर पुरवणी म्हणून येतो आणि तो कोणत्याही विषयावर असू शकतो, त्यामुळे खासदाराने आपणहून कळवले नसेल तर पंतप्रधानांना त्याचा मजकूर आधी ठाऊक नसतो. लोकसभेतील तारांकित प्रश्नांची सवय असलेल्या वाचकाला हे नवे वाटेल. १९६१ पासून हे प्रश्न मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटे होत असत, १९९७ मध्ये ते बुधवारच्या एकाच अर्ध्या तासात आणले गेले आणि २००३ पासून दुपारी १२ ही वेळ ठरली.

प्रश्न केव्हा आणि कसा मांडावा

अर्जदाराने सर्वाधिक विचार येथे करावा असे मला वाटते, कारण येऊ घातलेल्या कायद्याविषयीचा प्रश्न तो कायदा कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहूनच विचारावा लागतो. संसदेच्या प्रत्येक अधिवेशनाच्या आरंभी राजाचे अभिभाषण होते आणि त्यात सरकार कोणती विधेयके आणणार हे जाहीर होते. त्या दिवसाच्या तोंडावर विचारलेल्या प्रश्नाला, अभिभाषणात काय असेल ते आधी सांगता येणार नाही, असे सांगून बगल दिली जाण्याचा संभव मोठा असतो. अभिभाषण झाल्यावर मात्र सरकारने शब्द दिलेला असतो आणि विचारणाऱ्याच्या हातात त्या शब्दाचा आधार असतो.

इंग्लंडमधील भाडेकरूंचे उदाहरण घ्या. घरमालकाने कोणतेही कारण न देता घर रिकामे करून घेण्याची तरतूद रद्द करू, असे सरकारने एप्रिल २०१९ मध्ये जाहीर केले. विधेयक मांडले गेले ते मे २०२३ मध्ये, आणि मे २०२४ मध्ये निवडणुकीसाठी संसद विसर्जित झाल्याने ते बारगळले. १७ जुलै २०२४ च्या अभिभाषणात नव्या विधेयकाची घोषणा झाली, सप्टेंबरमध्ये ते मांडले गेले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याला राजसंमती मिळाली. घोषणा आणि कायदा यांत सहा वर्षांहून अधिक काळ गेला, आणि त्या काळात घर गमावण्याच्या भीतीखाली राहणाऱ्या माणसाला ‘विधेयक कधी मांडणार’ हा एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारून घेण्याचा पूर्ण अधिकार होता. अशा प्रश्नाला तारखेचे उत्तर द्यावे लागते, किंवा तारीख देता येत नाही हे सर्वांसमोर उघड होते.

म्हणून पत्रातील प्रश्न दोन वाक्यांत बसवावा. पहिल्या वाक्यात तुमच्या मतदारसंघातील प्रत्यक्ष परिस्थिती सांगावी, म्हणजे त्या प्रश्नावर खासदाराचा हक्क पोहोचतो. दुसऱ्या वाक्यात विधेयकाचे नाव घेऊन एकच नेमकी गोष्ट विचारावी, उदाहरणार्थ ते कोणत्या महिन्यात मांडले जाईल, किंवा सध्या लागू असलेल्या करारांना ते लागू होईल का. ‘सरकारचे याबाबत मत काय’ असे विचारल्यास मताचेच उत्तर मिळते आणि त्याचा पाठपुरावा करता येत नाही. शिवाय शालेय शिक्षण, आरोग्य आणि घरे यांसारखे विषय स्कॉटलंडमध्ये तेथील स्वतंत्र संसदेकडे आहेत. एडिंबरा किंवा ग्लासगो येथे राहणाऱ्यांनी अशा विषयांसाठी स्कॉटिश संसदेतील आपल्या प्रतिनिधीलाच लिहावे.

बुधवारची संधी हुकली तर

खासदाराला लेखी प्रश्नही विचारता येतो, आणि पुष्कळदा तोच अधिक फलदायी असतो, कारण त्याचे उत्तर खात्याकडून मुद्देसूद येते. विशिष्ट दिवशी उत्तर मागणारे असे प्रश्न एका खासदाराला दिवसाला जास्तीत जास्त पाच देता येतात. स्वतःच काही करायचे असेल तर संसदेच्या संकेतस्थळावर याचिका दाखल करता येते. ब्रिटिश नागरिक किंवा ब्रिटनचा कोणताही रहिवासी ती करू शकतो आणि सुरुवातीला पाच समर्थक लागतात. याचिका सहा महिने खुली राहते, १०,००० सह्यांनंतर सरकार लेखी प्रतिसाद देते आणि १,००,००० सह्यांनंतर चर्चेसाठी तिचा विचार होतो. विधेयक समितीच्या टप्प्यावर पोहोचले असेल तर विषयाचा अनुभव असलेली कोणीही व्यक्ती समितीला लेखी निवेदन देऊ शकते. ते ३,००० शब्दांपर्यंत, परिच्छेदांना क्रमांक दिलेले आणि आरंभी सारांश असलेले असावे, तसेच आधी कोठेही प्रसिद्ध झालेले नसावे.

प्रश्नोत्तरे प्रत्यक्ष पाहायची असल्यास ब्रिटनमधील रहिवाशाने खासदाराकडे प्रेक्षक गॅलरीचे तिकीट मागावे. ते विनामूल्य असते, पण प्रत्येक खासदाराच्या वाट्याला मोजकीच तिकिटे येतात, म्हणून बरेच आधी विचारावे. तिकीट नसलेल्यांना, परदेशातून आलेल्या पाहुण्यांनाही, रांगेत उभे राहता येते. तिकीटधारकांना प्राधान्य असल्यामुळे बुधवारी दुपारी तशी जागा मिळण्याची आशा थोडीच असते.

तुमचा प्रश्न विचारला गेला तर त्याचे उत्तर संसदेच्या अधिकृत इतिवृत्तात, म्हणजे हॅन्सार्डमध्ये, काही तासांतच वाचायला मिळते. तेथील शब्द तारखेसह जसेच्या तसे उतरवून घ्यावेत. पंतप्रधानांनी ‘लवकरच’ असे म्हटले असेल, तर काही आठवड्यांनी तेच वाक्य उद्धृत करून लेखी प्रश्न द्यावा, असे खासदाराला पुन्हा कळवावे.