गामा आला म्हणून आशियाची सत्ता गेली नाही
१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि आशियाची सत्ता युरोपकडे गेली, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. कालिकतचा राजा झामोरिन याच्यासाठी गामाने काढलेला नजराणा पाहा: १२ कापडं, ६ टोप्या, हात धुण्याची ६ भांडी, थोडी साखर, तेल, मध. दरबारचे अधिकारी हसलेच.

पुढची अडीचशे वर्षं युरोपकडे इथे खपेल असा माल फारसा नव्हता. मिरी आणि सुती कापड घ्यायला अमेरिकेतली चांदी ओतावी लागे. पोर्तुगीजांचा जोर समुद्रावर, इतरांच्या व्यापारी जहाजांना घ्यावा लागणाऱ्या ‘कार्ताझ’ या परवान्याच्या सक्तीवर. जमिनीवर मुख्यतः किनाऱ्यालगतची ठाणी. त्यातली वसई चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये घेतली.

पारडं खरं फिरलं ते १७६५ नंतर. दिवाणी, म्हणजे बंगालचा महसूल वसूल करण्याचा हक्क, मिळताच इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी बंगालच्याच महसुलातून बंगालचं कापड खरेदी करू लागली. त्यासाठी बाहेरून चांदी आणायची गरज जवळजवळ उरली नाही.